जिभेखालची गोळी

मिस्त्रीला स्वतःच्या पलंगाची भीती वाटायला लागली तेव्हा त्याचं वय पंचेचाळीस होतं. तोवर त्याला भीती अशी कशाची वाटली नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. वीस मजल्यांच्या पोकळीत लिफ्टच्या टपावर उभा राहून तेलकट दोर चाचपायचा आणि खालच्या कुणा शहाण्यानं बटण दाबलंच, तर दोन शिव्या हासडून पुन्हा कामाला लागायचा. पण घरी दिवा मालवायची वेळ झाली की तो उगाच दाराची कडी पुन्हा तपासायला जायचा.

पहिल्यांदा झालं तेव्हा त्यानं ते थकव्यावर ढकललं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा उकाड्यावर. तिसऱ्यांदा बायको काही न बोलता कूस बदलून झोपली, आणि तिच्या त्या न बोलण्याचा त्यानं असा धसका घेतला की चौथी वेळ येणारच नाही अशी तजवीज केली. ती झोपेपर्यंत टीव्हीपुढे बसून राहायचं. पाठीचं निमित्त काढून जमिनीवर सतरंजी टाकायची. इच्छा मेली असती तर एक वेळ परवडलं असतं. इच्छा होती, शरीर ऐन वेळी दगा द्यायचं. हे कुणाला सांगायचं? बरोबरीच्या कामगारांत या विषयावर फक्त विनोद चालायचे, आणि ते विनोद सांगण्यात मिस्त्रीच सगळ्यांत पुढे असायचा.

लिफ्टच्या आत लोक जाहिरातींचे स्टिकर चिकटवून जातात. ते ब्लेडनं खरवडून काढणं हे मिस्त्रीच्याच कामात मोडायचं. शिकवण्या, झुरळांचं औषध, आणि हमखास एक गुलाबी स्टिकर: ‘लाज सोडा, फोन जोडा. गेलेली ताकद परत.’ असले शेकड्यांनी स्टिकर त्यानं आजवर हसत हसत खरवडले होते. एका दुपारी मात्र अर्धा खरवडून झाल्यावर त्याचा हात थांबला. उरलेल्या अर्ध्यावर नंबर शाबूत होता. त्यानं तो तळहातावर लिहून घेतला.

चष्म्याच्या दुकानाच्या वर एक खोली होती. आत पांढरा कोट घातलेला एक माणूस बसलेला, आणि भिंतीवर कसली कसली प्रमाणपत्रं. त्यानं मिस्त्रीची नाडी पाहिली नाही की रक्तदाब. एकच विचारलं, “लहानपणी हाताची सवय होती का?” मिस्त्रीनं मान खाली घातली. “मग हे तिचंच फळ,” कोटवाला म्हणाला, आणि हिरव्या कॅप्सूलची दोन पाकिटं पुढे सरकवली. “शंभर टक्के जडीबुटी. अपाय म्हणाल तर शून्य.”

कॅप्सूलनं काम केलं, हे मान्य करायला हवं. तासाभरात कान तापले, चेहरा लालबुंद झाला, ट्यूबलाइटच्या कडा निळसर दिसायला लागल्या आणि डोकं ठणकलं. पण काम झालं. मिस्त्रीला वाटलं, सुटलो. बायको त्या रात्री छताकडे बघत बराच वेळ जागी होती, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

*

दादा त्याच्याहून सात वर्षांनी मोठा. त्याच कंपनीत, त्याच कामावर. मिस्त्रीला पाना धरायला शिकवला तो दादानंच. बोलायला कमी, वेळेला पक्का, आणि हात इतका नेमका की बिघडलेल्या ब्रेकचा नुसता आवाज ऐकून सांगायचा, कुठला स्क्रू ढिला आहे. वर्षभरापूर्वी त्याला जिना चढताना छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं. दवाखान्यात तपासण्या झाल्या, रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि दुखायला लागलं की जिभेखाली ठेवायची एक बारीकशी गोळी मिळाली. तिची छोटी बाटली तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा. कामगार त्याला चिडवायचे, “दादा, पेपरमिंट द्या की एक.” दादा हसायचा.

एका सोसायटीत लिफ्ट मध्येच अडकायची म्हणून दोघं भाऊ गच्चीवरच्या मशीनरूममध्ये होते. मशीन बंद होतं, त्यामुळे खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. दादा पॅनेलचं झाकण काढून बसला होता. मिस्त्रीकडे पाठ करूनच तो म्हणाला, “धाकट्या, तुला एक विचारू? हसणार नाहीस?”

“विचार की.”

दादानं एक तार काढली, पुसली, परत बसवली. “तुझं घरी सगळं ठीक आहे ना? म्हणजे, वहिनी आणि तू... म्हणजे तुझी बायको आणि तू.”

दादाच्या तोंडून असली अडखळ मिस्त्रीनं जन्मात ऐकली नव्हती. त्याला काय ते लगेच कळलं. “का रे?”

“माझं तीन वर्षं बंद आहे. पार बंद. आधी वाटलं वय झालं. पण चौपन्न म्हणजे काय फार झालं का? तुझी वहिनी बोलत नाही काही. तिनं बोलायला हवं होतं. आता तर आम्ही एकमेकांकडे पाहुणे असल्यासारखे वागतो.”

“डॉक्टरला सांगितलंस?”

“छातीवाल्याला? त्याच्यापुढे वीस माणसं रांगेत. तो विचारतो दुखतं का, धाप लागते का. हे त्यानं कुठे विचारलं? आणि शेजारी तुझी वहिनी बसलेली असते.”

मिस्त्रीनं तिथे गप्प राहायला हवं होतं, किंवा दादाला धरून एखाद्या खऱ्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. पुढे कित्येक महिने तो स्वतःला हेच सांगत राहिला. पण त्या क्षणी त्याला वाटला तो निव्वळ आनंद. आयुष्यभर दादानं त्याला शिकवलं होतं, आणि आता दादाला सांगण्यासारखं त्याच्याकडे काहीतरी होतं. त्यानं हत्यारांच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यातून पाकीट काढलं.

“हे घे. मला पण तोच त्रास होता. एक घ्यायची, तासाभरानं बघ.”

“छातीला चालेल?”

“अरे जडीबुटी आहे. तिला काय धाड भरली?”

दादानं पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग तो लहान पोरासारखा लाजून हसला, आणि झाकण बसवायला वळला.

*

पुढच्या रविवारी दुपारी सव्वातीनला वहिनींचा फोन आला. त्या दर रविवारी आईकडे जायच्या आणि तीनच्या सुमाराला परत यायच्या. “भाऊजी, लगेच या. ह्यांच्या छातीत दुखतंय. गाडी बोलावलीय.”

मिस्त्रीचं घर दहा मिनिटांवर. तो पोचला तेव्हा दादा पलंगाच्या कडेला टेकून जमिनीवर बसलेला होता, मान एका बाजूला झुकलेली. अंगात चांगला शर्ट होता, लग्नाकार्याला घालायचा तो. कपाळ ओलं आणि थंडगार. वहिनी त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून त्याचे हात चोळत होत्या.

“गोळी दिली का?”

“एक दिली. उतार पडेना म्हणून दुसरी दिली. उलट जास्तच गळाले. नाडी लागत नाहीये हो मला.”

मिस्त्रीला पण लागली नाही. गाडीतली माणसं आली, त्यांनी दादाला आडवं केलं, छाती दाबली, यंत्र लावलं. दवाखान्याच्या दारातच डॉक्टरनं मान हलवली. कागदावर लिहिलं गेलं, हृदयविकाराचा झटका. आधीपासून हृदयाचा रुग्ण होता; कुणाला त्यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. मिस्त्रीलाही नाही. पाकिटाची आठवण त्याला झाली ती इतकीच, की बिचाऱ्याला त्याचा उपयोग झाला की नाही कोण जाणे.

दादा गेल्यावर वहिनी रडल्या, पण लोक म्हणाले, रडायला हव्या तितक्या नाही. महिन्याभरानं मिस्त्री काही कागदांवर सह्या घ्यायला गेला, तर बाहेरच्या खोलीत दादाचा फोटो नव्हता. दादाचे कपडे, बूट, घड्याळ, सगळं एका पोत्यात भरून दाराशी ठेवलेलं. “कुणाला हवं असेल तर न्या,” वहिनी म्हणाल्या. त्यांची मुलगी, मिस्त्रीची पुतणी, नुकती नोकरीला लागली होती. ती आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही. मिस्त्रीला वाटलं, दुःखाची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी.

*

कामावरचा माणूस असा अचानक गेला म्हणून कंपनीनं पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी करायची ठरवली. मिस्त्रीच्या रक्तात साखर निघाली, आणि थोडीथोडकी नाही. रक्तदाबही चढलेला. त्याला एका डॉक्टरीणबाईंकडे धाडलं गेलं. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, केस आखूड, आणि बोलणं असं की जणू रेशनचा फॉर्म भरून घेतेय.

“तहान? लघवी? पायांना मुंग्या? सिगारेट किती?” विचारता विचारता, त्याच सुरात, तिनं विचारलं, “शरीरसंबंधात अडचण येते का? ताठरपणा येत नाही किंवा टिकत नाही, असं?”

मिस्त्री खुर्चीत ताठ झाला. बाईमाणसानं हे विचारावं, आणि तेही असं, तहान लागते का या चालीवर! “नाही,” तो म्हणाला. मग पंखा तीनदा फिरला असेल नसेल, तो म्हणाला, “हो. दोन वर्षं.”

“सकाळी जाग येते तेव्हा?”

“तेव्हाही नाही.”

“बरं केलंत सांगितलंत. ही मनाची भानगड कमी आणि रक्ताची जास्त दिसतेय.” तिनं पेन खाली ठेवलं. “तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. साखरेनं, सिगारेटनं वाहिन्या अरुंद व्हायला लागल्या की बऱ्याचदा आधी तिथे कळतं. हृदयात त्यानंतर दोनचार वर्षांनी. म्हणून मी सगळ्यांना विचारते. लाजेची गोष्ट नाही ही, वेळेवर मिळालेली सूचना आहे.”

“म्हणजे लहानपणीच्या सवयीमुळे नाही?”

“कुणी सांगितलं हे?”

मिस्त्रीनं पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. उरल्या होत्या त्यात चार कॅप्सूल. बाईंनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली आणि पाकीट दूर सारलं, मेलेलं झुरळ सारावं तसं.

“घेतल्यावर तोंड लाल होतं? डोकं दुखतं? निळसर दिसतं?”

“हो. तुम्हाला कसं...”

“कारण ही जडीबुटी नाही. यात ताठरपणाचं खरंखुरं औषध मिसळलेलं असणार, पाकिटावर न लिहिता. किती मिसळलंय ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. औषध वाईट नाही. मीही देते ते. पण आधी हृदय तपासून, मोजून, आणि एक गोष्ट विचारून. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी असते, ती चालू आहे का तुम्हाला?”

“मला नाही,” मिस्त्री म्हणाला. “माझ्या भावाला होती.”

हे वाक्य त्याच्या तोंडून सहज गेलं. मग त्याला ते ऐकू आलं.

“दोन्ही एकत्र घेतली तर काय होतं?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या बोलण्यातला तो फॉर्म भरण्याचा सूर गेला. “दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली की रक्तदाब एकदम कोसळतो. हृदय आधीच कमजोर असेल तर माणूस त्यातून उठत नाही.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “भाऊ कसे आहेत?”

“गेला. साडेतीन महिने झाले.”

“त्यांनी यातली घेतली होती?”

“मी दिली होती.”

बाहेर पुढच्या माणसाचा नंबर पुकारला गेला. बाईंनी उठून दार लावून घेतलं आणि परत येऊन बसल्या. “हे बघा, त्यांचं हृदय आजारी होतं. झटका तसाही आला असता का, आला नसता का, हे आता मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही.”

“पण होऊ शकतं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “होऊ शकतं. तुम्हाला खोटं सांगून मला काय मिळायचंय?”

त्यांनी साखरेच्या गोळ्या लिहून दिल्या, हृदयाची तपासणी लिहिली, सिगारेट सोडायला बजावलं, आणि म्हणाल्या की तपासणी ठीक आली तर त्या त्रासावरही उपचार आहेत, गोळीशिवायही आहेत, पुढच्या वेळी बायकोला घेऊन या. मिस्त्री हो हो म्हणत गेला. त्यातलं किती डोक्यात शिरलं देव जाणे. दवाखान्यातून तो चालत निघाला आणि चालतच राहिला. एका बांधकामावर उभं राहून माणसं विटा कशा झेलतात ते त्यानं बराच वेळ पाहिलं. छातीला चालेल? असं दादानं विचारलं होतं. आणि त्यानं काय उत्तर दिलं होतं, तेही त्याला शब्दन् शब्द आठवत होतं.

*

बायकोला सांगायला त्याला नऊ दिवस लागले. ती पाळणाघरात काम करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचं करून थकून यायची. त्या दिवशी ती दोरीवरचे कपडे काढत होती, आणि तो तिच्या हातातले कपडे घडी करत होता. घडी करता करता त्यानं सांगितलं. साखरेचं सांगितलं, त्रासाचं सांगितलं, कोटवाल्याचं, आणि मग दादाचं. शेवटचं सांगताना त्याच्या हातात तिचं पोलकं होतं, ते त्यानं तसंच चुरगाळून धरलं.

बायको खाली बसली. “मला वाटायचं, माझी किळस यायला लागली तुम्हाला,” ती म्हणाली. “मग एकदम ते सगळं सुरू झालं, आणि तोंड असं लाल, नजर भलतीकडे. मला वाटलं दारू पिऊन येता. मग वाटलं, मनात दुसरीच कुणी आहे. मी आपली छताकडे बघत पडायची, संपायची वाट बघत.”

“बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात?”

बायकोनं त्याच्या हातातून पोलकं काढून घेतलं, झटकलं, परत घडी केली. मग म्हणाली, “वहिनींना माहीत आहे?”

“काय?”

“तुम्हाला काहीच ठाऊक नाही का हो? दादांच्या पँटच्या खिशात पाकीट सापडलं त्यांना. त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की बाहेर कुणीतरी होती. त्या दिवशी दादांनी घरातली चादर बदलली होती, चांगला शर्ट घातला होता. वहिनी म्हणतात, मी आईकडे गेले की ती घरी यायची. फोटो काय उगाच उतरवला त्यांनी? लेकीलाही सांगून बसल्यात.”

मिस्त्री भिंतीला टेकला. चादर, शर्ट. दादानं रविवारी दुपारी एकट्यानं गादी झटकून, धुतलेली चादर घालून, चांगला शर्ट चढवून, बायको यायच्या आधी तासभर कॅप्सूल घेतली होती. दादा वेळेचा पक्का होता.

“तुम्हालाच सांगावं लागेल,” बायको म्हणाली. “मी येणार नाही बरोबर. हे तुम्ही दिलंत, तुम्हीच सांगा.”

*

वहिनी शाळेच्या ऑफिसात कारकून होत्या, चारला घरी यायच्या. मिस्त्री साडेचारला गेला. पुतणी कामावर होती. वहिनींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. मिस्त्रीनं पेला हातात धरून ठेवला.

“वहिनी, दादाच्या खिशातलं ते पाकीट मी दिलं होतं.”

वहिनींचा चेहरा दगडासारखा झाला. “म्हणजे तुम्हालाही माहीत होती ती.”

“ती कुणी नव्हती. वहिनी, तसं कुणी नव्हतंच. दादाला त्रास होता. त्याला जमत नव्हतं. तीन वर्षं.” मोठ्या भावजयीपुढे हे बोलताना त्याच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, पण आता थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही हे त्याला माहीत होतं. “मलाही तोच त्रास होता, म्हणून माझ्याकडे ते होतं. त्यानं मला मशीनरूममध्ये सांगितलं. म्हणाला, आम्ही पाहुण्यासारखे राहतो. ते त्यानं तुमच्यासाठी घेतलं. चादर तुमच्यासाठी घातली. तुम्ही यायची वाट बघत होता तो.”

वहिनी हलल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी मात्र आपोआप वाहायला लागलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. त्यांनी ते पुसलंही नाही. “मी घरात शिरले तर अत्तराचा वास येत होता,” त्या म्हणाल्या. “मी पहिलं काय बोलले माहीत आहे? म्हणाले, कुणासाठी हा थाट? त्यांना बोलायचं होतं काहीतरी. तेवढ्यात कळ आली.”

मिस्त्रीला वाटलं, इथेच थांबावं. निम्मं सांगून झालं होतं. उरलेलं निम्मं फक्त त्याचं होतं, ते त्यानं जन्मभर सांभाळलं असतं. तो उठायला लागला.

“बसा,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी कपाटातून औषधांचा डबा काढला. दादाचं इतर सगळं पोत्यात गेलं होतं. हा डबा राहिला होता. त्यातून जिभेखालच्या गोळ्यांच्या बाटलीबरोबर आलेला घडीचा कागद त्यांनी उलगडला. रोज आठ तास कागद वाचणारी बाई ती. “यात लिहिलंय, अमुक प्रकारच्या औषधांबरोबर घेऊ नये. नावं मला कळली नाहीत तेव्हा. हे म्हणाले, आपण कुठे दुसरं काही घेतो? भाऊजी, ते पाकिटातलं यातलंच आहे का?”

खोटं बोलणं सोपं होतं. जडीबुटी होती वहिनी, एवढं म्हटलं की झालं. पण तो शब्द त्याच्या तोंडून एकदा गेला होता, आणि पुन्हा तो तोंडात धरवेना.

“हो,” मिस्त्री म्हणाला. “मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, झटका तसाही आला असता किंवा नसता. नक्की कुणालाच सांगता येत नाही.”

“मी दोन दिल्या.”

“डॉक्टरांनी जे करायला सांगितलं होतं तेच तुम्ही केलंत. चूक माझी आहे. सगळी माझी.”

“दुसरी देताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं,” वहिनी म्हणाल्या. त्या आपल्या मनगटाकडे बघत होत्या. “मला वाटलं, दुखतंय म्हणून धरलंय. मी सोडवून घेतलं, आणि गोळी घातली तोंडात.” मग त्यांनी कागद आधीच्याच घड्यांवर नीट मिटला. “तुम्ही जा आता, भाऊजी.”

तो गेला. दारात त्यानं वळून पाहिलं नाही.

*

पुढचे पाच महिने वहिनी त्याच्याशी बोलल्या नाहीत. मिस्त्रीनं औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली, चारही कॅप्सूल जमा केल्या. तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेच निघालं. चष्म्याच्या दुकानावरची खोली सील झाली, पण कोटवाला आधीच पसार झाला होता, आणि तो सापडला असं काही मिस्त्रीच्या कानावर आलं नाही.

साखर हळूहळू खाली आली. सिगारेट दोनदा सुटली, दोनदा परत लागली, तिसऱ्यांदा सुटली. हृदयाच्या तपासणीत एक वाहिनी अरुंद होत चाललेली सापडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात. बायको बरोबर होती. बाईंनी दोघांना समोरासमोर बसवून विचारलं, सांगितलं, मोजून औषध दिलं. काही वेळा उपयोग व्हायचा, काही वेळा नाही. नाही झाला तर बायको आता कूस बदलत नसे. पडल्यापडल्या पाळणाघरातल्या पोरांच्या गोष्टी सांगायची. पण बऱ्याचदा मिस्त्रीलाच मध्येच दादा आठवायचा, तो लाजून हसलेला, आणि मग सगळं जागच्या जागी संपायचं. बाई म्हणाल्या, यावर माझ्याकडे गोळी नाही.

एका शनिवारी वहिनींचा फोन आला. आवाज कोरडा होता. “उद्या पोरगी घरी आहे. तिला मी तिच्या बापाबद्दल नको ते सांगितलंय. मी म्हटलं तिला की ते खोटं होतं, तर म्हणते, तू आता सावरून घेतेयस. तुम्ही येऊन सांगा. मला जमायचं नाही.”

तो गेला. बाहेरच्या खोलीत पुतणी हाताची घडी घालून बसली होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, आत नाही आणि बाहेर नाही. भिंतीवर फोटोचा खिळा तसाच होता, रिकामा.

मिस्त्रीनं सांगायला सुरुवात केली. बावीस वर्षांच्या मुलीला तिच्या बापाचं हे असं सांगायचं, ते कुठल्या शब्दांत, हे त्यानं रस्ताभर जुळवलं होतं. त्यातला एकही शब्द ऐन वेळी कामाला आला नाही. मग त्यानं डॉक्टरीणबाई बोलत तसंच सांगितलं, सरळ, आजाराचं सांगावं तसं. रक्तवाहिन्या बारीक असतात. आधी तिथे कळतं. तुझ्या बाबांना तीन वर्षं आधी कळलं होतं, आणि त्यानं ते लपवलं, कारण आम्ही सगळेच लपवतो.

“मग छातीच्या डॉक्टरनं विचारलं का नाही बाबांना?” पुतणी म्हणाली.

“विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. मी पण आधी नाहीच म्हणालो होतो.”

मग पाकिटाचं सांगितलं, मशीनरूमचं, दादानं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं ते. चादरीचं आणि शर्टाचं सांगितलं. पुतणीनं तोंडावर हात धरला. आईकडे पाहिलं, परत काकाकडे पाहिलं. मिस्त्रीला वाटलं, झालं. मुलीला तिचा बाप परत मिळाला, आता इथे थांबलेलं बरं. त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले आणि तो उठायला लागला.

“पुढचंही सांगा, भाऊजी,” वहिनी दारातून म्हणाल्या. “माझ्या हातून झालं ते.”

मिस्त्री परत बसला, आणि त्यानं तेही सांगितलं.